सायटेशनचा हिशेब

सप्टेंबर-ऑक्टोबर आला की जिल्हा आवृत्त्यांमध्ये एक बातमी हमखास दिसते: जगातील अव्वल दोन टक्के शास्त्रज्ञांच्या यादीत आपल्या महाविद्यालयाचे अमुक सर किंवा तमुक मॅडम. फोटो असतो, सत्काराचा तपशील असतो आणि अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाचे नाव असते. आपल्या गावचा माणूस जगाच्या यादीत गेला याचा आनंद वाटतो, आणि तो रास्तच आहे. पण सरांनी नेमके काय शोधून काढले, हे त्या बातमीत सहसा नसते. यादी करणाऱ्यांनीही ते पाहिलेले नसते. त्यात दोन लाखांहून जास्त नावे आहेत, आणि त्यांतल्या एकाचाही शोधनिबंध ती करताना कोणी वाचलेला नाही. सगळे गणित संगणकाने केलेले आहे.

निबंध न वाचता त्याचे वजन कसे ठरले? विषय प्राध्यापक मंडळींपुरता नाही. भरती, बढती, विद्यापीठांची क्रमवारी आणि संशोधनाला मिळणारा सार्वजनिक पैसा या आकड्यांवर हलतो. त्यामुळे ते कसे तयार होतात, हे करदात्यालाही कळायला हवे.

कृती कोणाची?

जुन्या घरांतल्या पाककृतींच्या वह्यांमध्ये पदार्थाच्या नावापुढे पुष्कळदा लिहिलेले असते: 'नाशिकच्या मावशींची पद्धत' किंवा 'शेजारच्या वहिनींकडून'. शोधनिबंधाच्या शेवटी जी संदर्भसूची असते, ती याच जातीची नोंद. मी हे काम केले, त्यासाठी ही पद्धत यांच्याकडून घेतली, हा आकडा त्यांनी मोजलेला होता, या मुद्द्यावर माझा त्यांच्याशी मतभेद आहे. अशा एका नोंदीला 'सायटेशन' म्हणतात.

आता कल्पना करा, की गावातल्या सगळ्या वह्या गोळा केल्या आणि त्या उलट्या बाजूने वाचल्या. मावशींनी कोणाकडून काय घेतले हे न पाहता, मावशींची कृती पुढे कोणाकोणाच्या वहीत गेली हे पाहिले. वही मागे बघते. ही उलटी यादी पुढे बघते. शोधनिबंधांची अशी उलटी यादी म्हणजे सायटेशन इंडेक्स.

ती बांधण्याची कल्पना युजीन गारफिल्ड या अमेरिकन गृहस्थांनी 1955 मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात मांडली. प्रेरणा वकिलीच्या धंद्यातून आली होती. अमेरिकेत 1873 पासून 'शेपर्ड्स सायटेशन्स' नावाची सूची निघत असे. एखाद्या जुन्या निकालाचा आधार घेण्यापूर्वी तो निकाल पुढे कोणत्या न्यायालयाने उचलून धरला, कोणी फिरवला, हे वकील तीत पाहत. फिरवलेल्या निकालावर उभे राहणे वकिलाला परवडत नाही. संशोधकालाही चुकीच्या किंवा कालबाह्य निबंधावर इमारत उभारणे परवडत नाही, असे गारफिल्ड यांचे म्हणणे होते. फिलाडेल्फियातल्या त्यांच्या संस्थेने 1964 मध्ये 'सायन्स सायटेशन इंडेक्स' बाजारात आणला.

हे साधन वाङ्मय शोधण्यासाठी होते. आज ज्यांच्या हातात ते माणसांचा न्याय करण्यासाठी आहे, त्यांनी ही गोष्ट ध्यानात ठेवायला हवी.

इम्पॅक्ट फॅक्टर: नियतकालिकाचे गुण माणसाच्या खात्यावर

यादी तयार झाली की तिच्यातल्या नोंदी मोजण्याचा मोह होतोच. गारफिल्ड आणि त्यांचे सहकारी आयर्विंग शेर यांनी मोजल्या त्या नियतकालिकांच्या. कोणती नियतकालिके सूचीत घ्यायची, हा त्यांचा व्यावहारिक प्रश्न होता. नुसती एकूण सायटेशन्स धरली तर मोठी नियतकालिके पुढे जातात आणि थोडेच पण चांगले छापणारी मागे राहतात. म्हणून त्यांनी सरासरी काढली. एखाद्या नियतकालिकाने मागच्या दोन वर्षांत छापलेल्या मजकुराला यंदा जितकी सायटेशन्स मिळाली, त्या संख्येला त्या दोन वर्षांतल्या निबंधांच्या संख्येने भागायचे. येणारा आकडा म्हणजे इम्पॅक्ट फॅक्टर.

सरासरी कशी फसवते, याचे अस्सल उदाहरण स्फटिकशास्त्राच्या 'अ‍ॅक्टा क्रिस्टलोग्राफिका ए' या नियतकालिकाचे आहे. त्याचा इम्पॅक्ट फॅक्टर 2008 मध्ये 2.051 होता, आणि 2009 मध्ये तो 49.926 झाला. संपादक तेच, दर्जा तोच. झाले असे, की जॉर्ज शेल्ड्रिक यांनी 2008 मध्ये स्फटिकांची रचना उलगडणाऱ्या आपल्या संगणकप्रणालीचा इतिहास सांगणारा एक निबंध तिथे छापला. ती प्रणाली जगभरच्या प्रयोगशाळांत वापरली जाते, त्यामुळे तो निबंध हजारोंनी उद्धृत केला. त्या वर्षी तिथे छापून आलेल्या इतर सगळ्या लेखकांच्या नावासमोर मात्र '49.926 इम्पॅक्ट फॅक्टरच्या नियतकालिकात प्रसिद्ध' असे लिहिता येऊ लागले.

नियतकालिकाची सरासरी हे त्यातल्या एका निबंधाचे गुणपत्रक नव्हे. तरीही आपल्याकडच्या मुलाखतींत 'पेपर कितीच्या इम्पॅक्टमध्ये आहे?' हा प्रश्न आजही पहिला येतो.

एच-इंडेक्स कसा काढतात?

माणूस मोजायचा तर माणसाचाच आकडा हवा. तो 2005 मध्ये होर्हे हिर्श यांनी दिला. हे अर्जेंटिनात जन्मलेले, कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो शाखेतले भौतिकशास्त्रज्ञ. निबंध मोजले तर भरमसाट लिहिणारा जिंकतो. एकूण सायटेशन्स मोजली तर एका गाजलेल्या निबंधात नाव असलेला जिंकतो. दोन्हींना लगाम घालणारी संख्या त्यांना हवी होती.

मावशींच्या वहीकडेच पुन्हा जाऊ. त्यांचे पाच पदार्थ असे आहेत, की त्यांतल्या प्रत्येकाची कृती किमान पाच जणींनी उतरवून घेतली आहे. सहा पदार्थांना सहा-सहा जणी मात्र मिळत नाहीत. मग मावशींचा एच-इंडेक्स 5.

आता आकड्यांत पाहू. समजा, एका संशोधकाचे नऊ निबंध आहेत आणि त्यांना मिळालेली सायटेशन्स उतरत्या क्रमाने अशी आहेत: 48, 30, 12, 7, 6, 5, 2, 1, 0. पहिल्यापासून मोजत जायचे. पाचव्या निबंधाला 6 सायटेशन्स आहेत, म्हणजे पाचापेक्षा कमी नाहीत. सहाव्याला 5 आहेत, म्हणजे सहापेक्षा कमी. तिथे थांबायचे. एच-इंडेक्स 5.

या उदाहरणात पहिल्या निबंधाची सायटेशन्स 48 च्या जागी 4,800 केली तरी एच-इंडेक्स पाचच राहतो. एका निबंधाने जग हलवले तरी या मापाला ते दिसत नाही. शिवाय एच-इंडेक्स निबंधांच्या एकूण संख्येपेक्षा मोठा होऊच शकत नाही, आणि तो कधी कमीही होत नाही. संशोधकाने काम थांबवले तरी जुन्या निबंधांच्या जोरावर तो वाढत राहतो. त्यामुळे तिशीतल्या उमेदवाराची तुलना पन्नाशीतल्या उमेदवाराशी या आकड्यावर करणे उघड अन्याय आहे.

हिर्श यांनी त्या निबंधात अंदाजही दिले होते: भौतिकशास्त्रात वीस वर्षांच्या कामानंतर 20 म्हणजे यशस्वी, 40 म्हणजे असाधारण. भौतिकशास्त्रात, हा शब्द पुढे लोक विसरले. एकच संख्या माणसाच्या अनेकपदरी कामाचे फार तर ढोबळ चित्र देऊ शकते, हे वाक्यही विसरले. 2020 मध्ये हिर्श यांनी स्वतःच लिहिले, की हे माप वाईट रीतीने फसू शकते आणि त्याचे न योजलेले दुष्परिणाम गंभीर आहेत.

> चौकट: बातमीत आणि बायोडेटात दिसणारे शब्द
>
> सायटेशन: एका निबंधाने दुसऱ्याचा केलेला उल्लेख. स्तुती असो वा टीका, मोजणीत दोन्ही सारखे.
>
> इम्पॅक्ट फॅक्टर: नियतकालिकाची दोन वर्षांची सरासरी. व्यक्तीचा गुण नव्हे.
>
> एच-इंडेक्स: किमान तितकी सायटेशन्स असलेल्या निबंधांची संख्या.
>
> आय-10 इंडेक्स: किमान दहा सायटेशन्स असलेले निबंध. गूगल स्कॉलरवर दिसतो. वरच्या उदाहरणात तो 3 येतो.
>
> स्कोपस, वेब ऑफ सायन्स, गूगल स्कॉलर: मोजणी करणाऱ्या तीन मोठ्या सूची. पहिल्या दोन निवडक नियतकालिके घेतात. तिसरी इंटरनेटवर सापडणारे प्रबंध, मसुदे, अहवाल असे बरेच काही धरते. म्हणून एकाच व्यक्तीचे तीन ठिकाणी तीन एच-इंडेक्स दिसतात. कोणता आकडा कुठला, हे विचारावेच लागते.

सायटेशन म्हणजे वापर

सायटेशनचा अर्थ 'चांगले' असा घेतला की गफलत सुरू होते. सायटेशन सांगते ते एवढेच, की हे कोणाच्या तरी उपयोगी पडले किंवा कोणाला त्याचा उल्लेख करावा लागला.

जगातल्या सर्वाधिक उद्धृत शंभर निबंधांची यादी 'नेचर'ने 2014 मध्ये केली. पहिला क्रमांक ऑलिव्हर लॉरी यांच्या 1951 च्या निबंधाचा होता. त्याला तीन लाखांहून जास्त सायटेशन्स होती. त्यात आहे काय? द्रावणातले प्रथिन मोजण्याची एक पद्धत. प्रत्येक जैवरसायन प्रयोगशाळेला ती लागे आणि वापरणारा प्रत्येक जण नोंद करी. यादीत शिरायला 12,119 सायटेशन्स लागत होती. वॉटसन आणि क्रिक यांचा 1953 चा डीएनएच्या दुहेरी सर्पिलाचा निबंध त्या शंभरांत नव्हता. विसाव्या शतकातला जीवशास्त्राचा सर्वांत मोठा शोध इतका सर्वपरिचित झाला, की मूळ निबंधाचा उल्लेख करायची गरजच कोणाला वाटत नाही. मोजणीच्या यंत्राला हे परिचित होणे दिसत नाही.

उलट टोकही आहे. अँड्र्यू वेकफील्ड यांचा लस आणि ऑटिझम यांचा संबंध सुचवणारा निबंध 'लॅन्सेट'ने 1998 मध्ये छापला आणि 2010 मध्ये मागे घेतला. त्याची सायटेशन्स भरपूर आहेत, आणि त्यांतली असंख्य तो निबंध कसा चुकीचा आहे हे सांगणारी आहेत. सूचीत प्रत्येक खंडनही एक गुण म्हणूनच जमा होते.

आणि श्रेय कोणाचे? हिग्ज कणाचे वस्तुमान सांगणाऱ्या 2015 च्या निबंधावर 5,154 लेखकांची नावे आहेत. निबंधाच्या 33 पानांपैकी 24 पाने नावांना आणि त्यांच्या संस्थांना लागली. एच-इंडेक्सच्या हिशेबात यांतल्या प्रत्येकाच्या खात्यावर ती सायटेशन्स पूर्णच्या पूर्ण जमा होतात. गणितात मात्र आजही एकटादुकटा लेखक असतो आणि वर्षाकाठी एखादा निबंध ही चांगली गती मानतात. या दोन विषयांतल्या माणसांना एकाच फुटपट्टीने मोजून एकाच पदासाठी क्रम लावला जातो, आणि मला हे या सगळ्या प्रकारातले सर्वांत घातक वाटते.

ज्यांच्या नावाने तो कण ओळखला जातो, त्या पीटर हिग्ज यांनी 1964 नंतर दहापेक्षाही कमी निबंध लिहिले. आजच्या व्यवस्थेत मला विद्यापीठात नोकरी मिळाली नसती, असे त्यांनी 2013 मध्ये, नोबेल मिळाले त्या वर्षी, सांगितले होते.

सूचीत न मावणारे काम

देवळालीच्या शाळेत शिकवणारे दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांनी 6174 या संख्येचा विलक्षण गुण शोधला. सगळे अंक सारखे नसलेली कोणतीही चार आकडी संख्या घ्या. अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून मोठ्यातून लहान वजा करा. येणाऱ्या उत्तरावर हेच पुन्हा करत राहा. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत 6174 येते. कापरेकरांचे पुष्कळसे काम लहान नियतकालिकांत आणि स्वतः छापलेल्या पुस्तिकांत होते. मार्टिन गार्डनर यांनी 1975 मध्ये 'सायंटिफिक अमेरिकन'मधल्या आपल्या सदरात त्यांच्याबद्दल लिहिले तेव्हा जगाचे लक्ष गेले. आज 'कापरेकर स्थिरांक' हे नाव वापरणारे कित्येक जण मूळ निबंधाची नोंद करीत नाहीत.

मानव्यविद्यांत तर सूचींचे डोळे आणखी अधू आहेत. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती 1919 मध्ये हाती घेतली आणि 1966 मध्ये पुरी केली. त्यासाठी 1,259 हस्तलिखिते ताडून पाहिली. विष्णु सीताराम सुखठणकर 1925 पासून 1943 मध्ये मृत्यू येईपर्यंत तिचे प्रमुख संपादक होते. जगात कुठेही महाभारतावर गंभीर लेखन करायचे तर ही आवृत्ती हाताशी लागतेच. आता हे सगळे एच-इंडेक्सच्या भाषेत मांडून पाहा: एक ग्रंथ, अनेक हात, सत्तेचाळीस वर्षे.

स्कोपस किंवा वेब ऑफ सायन्सचा भर इंग्रजी नियतकालिकांवर आहे. मराठीतून लिहिलेले बोलीविज्ञान, स्थानिक इतिहास, लोकसाहित्य यांचे संशोधन त्यांच्या हिशेबी जवळजवळ नसल्यासारखे आहे. तरुण संशोधकाला हे पक्के ठाऊक असते. म्हणून तो आपल्या तालुक्यातल्या बोलीवर मराठीत सविस्तर लिहिण्याऐवजी त्याच विषयावर इंग्रजीत आठ पानांचा पेपर करतो. त्याला दोष देता येत नाही. नोकरी त्याने मिळते. नुकसान आपल्या भाषेतल्या ज्ञानाचे होते, आणि ते कोणत्याच तक्त्यात दिसत नाही.

मापच ध्येय झाले तेव्हा

ब्रिटिश अर्थतज्ज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांनी 1975 मध्ये एक निरीक्षण नोंदवले होते. सोप्या शब्दांत: ज्या आकड्यावर बक्षीस ठेवाल, तो आकडा पुढे खरे चित्र दाखवेनासा होतो, कारण लोक काम सोडून आकडा वाढवायला लागतात. आपल्या उच्च शिक्षणाने याचा पुरेपूर अनुभव घेतला आहे.

विद्यापीठ अनुदान आयोगाने 2010 मध्ये प्राध्यापकांच्या नेमणुका आणि बढत्यांसाठी एपीआय गुणांची पद्धत आणली. पेपर छापला की गुण. पीएच.डी.चा प्रबंध सादर करण्यापूर्वी पेपर छापलेला असण्याची अटही होती. ती 2022 मध्ये काढली गेली. पण मधल्या काळात गुण आणि अट या दोन्हींमुळे छपाईची मागणी एकदम वाढली आणि पैसे घेऊन काहीही छापणारी नियतकालिके जागोजागी उगवली. 'सायन्स'च्या जॉन बोहॅनन यांनी 2013 मध्ये मुद्दाम ढोबळ चुका घातलेला एक बनावट निबंध 304 खुल्या नियतकालिकांना पाठवला. 157 नियतकालिकांनी तो स्वीकारला.

आयोगाने मग मान्य नियतकालिकांची यादी केली. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातल्या अभ्यासकांनी, भूषण पटवर्धन यांच्या पुढाकाराने, तिच्यातला विद्यापीठांनी शिफारस केलेला भाग तपासला आणि 2018 मध्ये 'करंट सायन्स'मध्ये निष्कर्ष छापला: त्यातली 88 टक्क्यांहून जास्त नियतकालिके निकृष्ट दर्जाची असू शकतात. त्याच वर्षी आयोगाने 4,305 नियतकालिके यादीतून काढून टाकली. पुढे पुणे विद्यापीठातच 'यूजीसी केअर' यादीचे काम उभे राहिले. ती यादीही आयोगाने 2025 मध्ये बंद केली आणि नियतकालिक निवडण्याची जबाबदारी संस्थांवर सोपवली.

मधल्या काळात जे झाले त्याची किंमत विद्यार्थ्यांनी मोजली. एका संशोधनाचे चार तुकडे करून चार पेपर करणे, ज्यांनी काम केले नाही त्यांची नावे घालणे, स्वतःचेच जुने निबंध गरज नसता उद्धृत करणे, 'तू माझे कर, मी तुझे करतो' असा उल्लेखांचा व्यवहार, हे सगळे शिकूनच एक पिढी संशोधनात आली. ही माणसे मुळात वाईट नव्हती. त्यांच्यासमोर गुणांचा तक्ता ठेवला गेला आणि त्यांनी तो भरला.

दोन टक्क्यांची यादी

या यादीचे कर्ते जॉन योआनिदिस हे स्टॅनफर्डचे प्राध्यापक आहेत, आणि वरच्या दोषांपैकी काही दूर करण्याचा त्यांनी मनापासून प्रयत्न केला आहे. माहिती स्कोपसची आहे. त्यांचा गुणांक सहा मापे एकत्र करून बनतो. त्यांत एच-इंडेक्स आहे, सहलेखकांमध्ये वाटून काढलेला एच-इंडेक्स आहे, आणि लेखक एकटा, पहिला किंवा शेवटचा असलेल्या निबंधांना वेगळे वजन आहे. विज्ञानाचे 174 उपविषय केलेले असल्याने गणितज्ञाची तुलना डॉक्टरशी होत नाही. स्वतःचीच सायटेशन्स वगळून आकडे दिलेले असतात.

नुसत्या एच-इंडेक्सपेक्षा ही यादी नक्कीच बरी. पण दोन गोष्टी बातमीत येत नाहीत. स्टॅनफर्ड विद्यापीठाने दिलेला हा पुरस्कार नव्हे. तिथल्या एका संशोधकाने केलेले विश्लेषण आहे. आणि याद्या दोन असतात: एक संपूर्ण कारकिर्दीची, दुसरी एकाच वर्षात मिळालेल्या सायटेशन्सची. दुसरीत येणे पहिलीपेक्षा पुष्कळ सोपे असते. नाव कोणत्या यादीत आहे, हे वार्ताहराने विचारून छापायला हवे.

मग पर्याय काय?

तो अवघड नाही, वेळखाऊ आहे: वाचणे. जर्मनीच्या डीएफजी या संशोधन अनुदान संस्थेने 2010 मध्येच नियम केला, की अर्जदाराने बायोडेटात जास्तीत जास्त पाच निबंध द्यावेत. लांबलचक याद्या नकोत. तुमचे उत्तम काम दाखवा. 2012 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत 'डोरा' हा जाहीरनामा आकाराला आला. व्यक्तीचे मूल्यमापन करताना इम्पॅक्ट फॅक्टरसारखी नियतकालिकांची मापे वापरू नयेत, ही त्याची मुख्य मागणी. आपल्या भारतीय राष्ट्रीय विज्ञान अकादमीनेही 2018 च्या धोरण-निवेदनात सांगितले, की किती छापले आणि कुठे छापले यापेक्षा काय छापले ते पाहा.

आकडे फेकून द्यावेत असे माझे म्हणणे नाही. एखाद्या देशाचा कल, एखाद्या विषयातली वाढ, हजारो निबंधांचा समूह पाहायचा असेल तर सायटेशनचा हिशेब खरोखर उपयोगी आहे. मोठ्या संख्येत एकेका निबंधाच्या खोडी बुजून जातात. आणि आपल्या विषयात पुढे काय झाले हे शोधायला तर त्याच्यासारखे साधन नाही. एका माणसाची नोकरी ठरवताना मात्र तो पुरावा म्हणून तोकडा पडतो.

महाराष्ट्रातल्या विद्यापीठांना आणि महाविद्यालयांना हे करायला कोणाची परवानगी लागत नाही. पुढच्या निवड समितीच्या वेळी प्रत्येक उमेदवाराकडून त्याने स्वतः निवडलेले तीन निबंध मागवावेत, मराठीत असतील तर मराठीत. प्रत्येकाबरोबर, यात माझा वाटा कोणता, अशी अर्ध्या पानाची टीप घ्यावी. समितीतल्या त्या विषयाच्या निदान दोन सदस्यांनी ते आधी वाचून यावेत, आणि मुलाखतीतला पहिला प्रश्न त्या निबंधांतल्या मजकुरावर विचारावा.